नोंदवहीत नसलेला दात

"आत गेलं ते बाहेर आलं पाहिजे. बस्स, एवढंच आपलं शास्त्र. बाकीची गणितं काय, ती पोरंसोरं करतात." मास्तर असं म्हणाले की पन्नाशीला टेकलेली ती पोरंसोरं मान खाली घालून हसायची. उलटून बोलायची कुणाची टाप नव्हती.

हे मास्तर काही शाळेतले नव्हेत. उपग्रह रॉकेटच्या डोक्यावर बसवायचा, पोलादी पट्ट्याने घट्ट बांधायचा आणि वरून मोठं टोपण लावायचं, हे काम चौतीस वर्षं करत आलेले ते सगळ्यात जुने कारागीर. येईल त्या नव्या माणसाला शिकवायचे, म्हणून मास्तर. महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते. हे रॉकेट त्यांचं शेवटचं.

आणि नवीचं पहिलं. सुरक्षा विभागात येऊन आठ महिने झाले तरी तिला सगळे 'नवी'च म्हणत. इंजिनिअरिंगला पहिला नंबर, वर रॉकेटच्या सुरक्षेचा दोन वर्षांचा अभ्यास, आणि काम काय मिळालं? दारात बसायचं! उपग्रहाच्या हॉलच्या दाराशी टेबल, टेबलावर नोंदवही. आत जाणाऱ्याचं पेन, पाना, चष्मा, चष्म्याची दोरी, जे असेल ते लिहायचं. बाहेर आला की एकेक वस्तू बघून ओळीवर रेघ मारायची आणि पुढे सही करायची. तिकडे आई शेजारपाजारी सांगत सुटली होती, "आमची पोर रॉकेट सोडते हो!" पोर बिचारी पेनं मोजत होती.

पहिल्याच आठवड्यात तिने वहीत 'चिकटपट्टी – १' असं लिहिलं, तर मास्तर तिथेच अडून उभे राहिले. "एक कशी गं बाई? पट्टी एक, आतलं पुठ्ठ्याचं नळकांडं एक. वस्तू मोजू नकोस, तुकडे मोज." ते तिने पाठ केलं. दारातल्या फोटोचा नियमही मास्तरांचाच. पूर्वी कधीतरी कुणाच्या तरी सदऱ्याचं बटण आत पडलं होतं, त्यापायी अख्खं टोपण उघडावं लागलं होतं. तेव्हापासून जाताना एक फोटो, येताना एक. दोन्ही हात पुढे, तळवे वर, तोंडावरचा मास्क उतरवलेला.

आता त्या बुधवारची गोष्ट. टोपण सोमवारी लागलं होतं, उड्डाण शनिवारी होतं, आणि बुधवारी दहा वाजता शेवटची बैठक होती. या बैठकीत एक जुनी रीत होती. 'जायचं का?' हा प्रश्न सगळ्यात आधी सगळ्यात लहान माणसाला विचारायचा. मोठ्यांनी हो म्हटल्यावर लहानाच्या तोंडून नाही निघत नाही, हे कुण्या शहाण्याने ओळखून ठेवलं असणार. आणि एकानेही नाही म्हटलं तर उड्डाण थांबायचं. या खेपेला सगळ्यात लहान होती नवी. तिने आरशासमोर चार वेळा 'हो' म्हणून बघितलं होतं.

आठ वाजता ती सोमवारचे फोटो फाईलला लावत बसली होती. मास्तरांचा आत जातानाचा फोटो आला. तळवे पुढे, तोंडभर हसू, वरच्या डाव्या दातावरची धातूची कॅप चकाकतेय. त्या कॅपवर मास्तर भारी खूश होते, दाखवल्याशिवाय हसायचेच नाहीत. पुढचा फोटो बाहेर येतानाचा. तळवे पुढे, तोंड मिटलेलं.

मास्तर आणि तोंड मिटलेलं? तिने उगाच म्हणून मागचे आठ महिने चाळले. सगळीकडे कॅप होती. मग सोमवारी दुपारी सगळ्यांनी मिळून काढलेला फोटो उघडला. कुणीतरी काहीतरी चावट बोललं असणार, कारण सगळे खिदळत होते. मास्तरांनी तोंडाकडे हात नेला होता, पण तो अर्ध्यातच पकडला गेला होता. तिने फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. जिथे कॅप असायची तिथे झिजलेला काळपट खुंट होता.

"अगं आई गं," ती एकटीच मोठ्याने म्हणाली.

दोन-तीन ग्रॅमचा धातूचा तुकडा, पण रॉकेट वर जाताना जे हादरे बसतात त्यात तो बंदुकीच्या गोळीसारखा उडाला असता. आणि त्या पोलादी पट्ट्याच्या सांध्यात जाऊन अडकला तर वर गेल्यावर सुटून उपग्रह मोकळा करायचा तो पट्टा उघडलाच नसता. उपग्रह रॉकेटला चिकटून राहिला असता. सहाशे माणसांची दहा वर्षं पाण्यात गेली असती.

ती तडक हत्यारांच्या खोलीत गेली. मास्तर एकटेच पाने पुसत बसले होते.

"मास्तर, तोंड उघडा."

"का गं? दातांची डॉक्टर कधीपासून झालीस?" हेसुद्धा ते ओठ मिटूनच बोलले.

तिने फोटो पुढे धरला. मास्तरांनी तो बघितला आणि परत पाना उचलला. "घरी पडली. काल, दात घासताना."

"फोटो सोमवारचा आहे."

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. मास्तरांची जीभ आपोआप त्या खुंटाकडे गेली, गाल फुगला. त्यांनी पाना परत पुसायला घेतला. मग म्हणाले, "गिळली असणार मी. मास्क होता की तोंडावर. बाहेर जाणार कुठे ती?"

नवीला एवढं हायसं वाटलं की ती स्टुलावर टेकली. खरंच की, मास्क तर होता! आणि टेकल्या टेकल्याच तिला तार आठवली. बोल्ट सैल होऊ नये म्हणून त्याला बारीक तार पिळून बांधतात. जुने कारागीर दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून तारेचं एक टोक दातात धरतात. हॉलमध्ये त्याला सक्त मनाई होती. तिला ते पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि बजावणारे मास्तरच होते.

"शेवटची तार कशी बांधलीत, मास्तर?"

त्यांनी पाना खाली ठेवला. "जागा फार अडचणीची होती गं. हात पुरेना. मास्क खाली ओढला. एक क्षण, फार तर दोन. चौतीस वर्षांची खोड, पोरी, ती मला विचारून थोडीच येते?"

"आणि तेव्हा पडली?"

"पडली का गिळली, काही कळलंच नाही. दारात फोटोसाठी मास्क उतरवताना जीभ तिथे गेली, तेव्हा कळलं. मागे वळून बघितलं तर टोपण लागत होतं."

"मग ओरडायचं ना! थांबवायचं!"

"काय म्हणून ओरडू?" मास्तरांचा आवाज चढला. "ते बटण ज्याचं होतं ना, त्याला हॉलबाहेर मी काढलं होतं. रडत होता तो. दोन लेकरांचा बाप, आणि मी त्याला म्हटलं, नियम म्हणजे नियम. आता मी तिथे उभा राहून काय सांगू? माझा दात पडला?" ते थांबले. मग हळूच म्हणाले, "शनिवार चुकला तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तोवर मी घरी बसलेला असेन. मी गिळलीच आहे. तू काही बघितलं नाहीस."

नवी त्यांच्याकडे बघतच राहिली. कुणी तिच्या थोबाडीत मारली असती तरी ती एवढी हबकली नसती. ज्या माणसाने तिला पुठ्ठ्याचं नळकांडं मोजायला लावलं, तो हे म्हणत होता! तिला रडू यायला लागलं, राग आला, आणि घड्याळात दहाला दहा कमी होते.

बैठकीच्या खोलीत पन्नासएक माणसं होती. समोर उड्डाणाचे प्रमुख साहेब, त्यांच्या शेजारी नवीच्या विभागाच्या मॅडम, मागच्या रांगेत कारागीर. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. साहेबांनी नमनाला घडाभर तेल जाळलं नाही. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "सगळ्यात लहान कोण?"

नवी उभी राहिली. मॅडम तिच्याकडे बघून कौतुकाने हसल्या. नोकरी अजून पक्की नव्हती, तो कागद याच मॅडमच्या टेबलावर होता.

"सुरक्षा विभाग. जायचं का?"

तिने मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलंच नसतं. "नाही," ती म्हणाली.

सगळ्यांची दातखीळ बसली. मॅडमचं हसू तसंच तोंडावर राहिलं. त्या खोलीत गेल्या अकरा उड्डाणांत कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"एक वस्तू आत गेलीय. बाहेर आलेली नाही."

"नोंदवहीत आहे?"

"नाही. नोंदवहीत नाही."

"मग तुला कशी कळली? कुणाची आहे?"

इथे ती अडली. सांगायचं काय आणि कुणाविरुद्ध? आपलेच दात नि आपलेच ओठ. मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं बोल ना! हात दाखवून अवलक्षण कशाला केलंस मग?" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पण नाव काही निघेना.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मास्तर उभे राहिले होते. त्यांनी एका बोटाने वरचा ओठ उचलला आणि पन्नास माणसांना तो काळा खुंट दाखवला. कुणाला तरी हसू फुटलं आणि लगेच विरलं.

"माझी वस्तू आहे," मास्तर म्हणाले. "पोरीला मीच गप्प राहायला सांगितलं होतं."

साहेब शहाणे होते, लगेच टोपण उघडायला निघाले नाहीत. आधी मास्तरांना एक्स-रेला पाठवलं. पोटात काही दिसलं नाही, पण दोन दिवसांत पडूनही गेली असेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे गाडी जिथल्या तिथे. हॉलमधले पांढरे कपडे लाँड्रीत गेले होते. लाँड्रीवाल्याने फोनवरच सांगितलं, "खिसे बघितले हो, काही नाही." मास्क तर मास्तरांनी त्याच दिवशी उलटापालटा करून बघितला होता. संध्याकाळी उड्डाणाच्या पाटीवरचा शनिवार पुसला गेला.

दुसऱ्या दिवशी चहाला नवी गेली तर टेबल आपोआप रिकामं झालं. "कानामागून आली आणि तिखट झाली," कुणीतरी तिला ऐकू जाईल असं म्हणालं. आईचा फोन आला, "शनिवारी टीव्हीवर दिसणार ना गं तू?" ती नाही म्हणाली आणि फोन ठेवला. मास्तरांना हॉलमध्ये जायची बंदी झाली होती. ते हॉलबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे, डबा उघडायचे, न खाता बंद करायचे. तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिनेही बोलायचा प्रयत्न केला नाही.

शुक्रवारी दुपारी टोपण उतरलं. दोघं जण छोटे आरसे आणि दिवे घेऊन आत गेले, नवीने आरसे लिहिले, काच एक, दांडा एक, असे तुकड्यांनी लिहिले. साहेब आणि मॅडम दाराशी उभे होते. दीड तासाने आतला एक कारागीर पारदर्शक पिशवी हातात धरून बाहेर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सापडली?" बाकावरून मास्तर उठले.

"पट्ट्याच्या सांध्यापासून चार बोटांवर होतं," कारागीर म्हणाला. "पण मास्तर, हा दात नाही."

पिशवीत पोलादाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा होता. स्क्रू ड्रायव्हरचं पुढचं, बदलायचं टोक, ज्याला सगळे बिट म्हणतात. कॅपच्या चौपट वजनाचं असेल. मॅडमनी तोंडावर हात ठेवला. साहेबांनी पिशवी उजेडात धरून फिरवली आणि विचारलं, "हे कुणाचं?"

नवीने नोंदवही उघडली. सोमवारचं पान. तिचं बोट ओळींवरून खाली सरकत गेलं आणि एकतिसाव्या ओळीवर थांबलं. 'मास्तर. स्क्रू ड्रायव्हर – १.' ओळीवर सरळ रेघ. पुढे सही. सही तिची होती.

तिने मागच्या कपाटातून तो स्क्रू ड्रायव्हर काढला. नुसती मूठ होती. बिट बसायची जागा रिकामी. सोमवारी तिने हीच मूठ हातात घेतली होती, हीच बघितली होती, आणि हिच्यावरच रेघ मारली होती.

"ओळ एकतीस," ती म्हणाली. "सही माझी आहे."

"स्क्रू ड्रायव्हर माझा आहे," मास्तर मागून म्हणाले.

"पण मोजायचं काम माझं!" ती एकदम त्यांच्यावर ओरडली. तीन दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं. "तुम्ही बाहेर आलात आणि हसला नाहीत. मला वाटलं, शेवटचं रॉकेट, म्हणून भरून आलं असेल. मला रडू यायला लागलं. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, मास्तर! हातात काय ठेवलंत ते मी बघितलंच नाही!"

आणि अशा वेळी, बघा, जिन्यावरून शीळ घालत लाँड्रीवाला आला. खांद्यावर पांढऱ्या कपड्यांचं गाठोडं. त्याने ते टेबलाशी ठेवलं आणि खिशातून एक पाकीट काढलं.

"हे धुताना मशीनमध्ये पडलं. टोपरं असतं ना या कपड्यांना, त्याच्या दुमडीत अडकलं असेल. मी आपले खिसेच बघितले होते." त्याने पाकीट उलटं केलं. टेबलावर मास्तरांची कॅप पडली. "सोन्याचं नाहीये, मी बघून घेतलं," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

कॅप आत पडलीच नव्हती. मास्तरांनी ती स्वतःच्या टोपऱ्यात घालून बाहेर आणली होती. हा लाँड्रीवाला बुधवारी नीट बघता तर टोपण कुणी उघडलं नसतं. परत बैठक झाली असती, नवीने चारचौघांत हो म्हटलं असतं, टाळ्या वाजल्या असत्या, आणि शनिवारी ते पोलादाचं टोक चार बोटं सरकून पट्ट्याच्या सांध्यात जाऊन बसलं असतं. हे सगळ्यांच्या एकदमच डोक्यात आलं. साहेब जिन्याच्या पायरीवर मटकन खाली बसले. मास्तर टेबलाला धरून उभे होते.

"काय झालं काय?" लाँड्रीवाला म्हणाला. "काही चुकलं का माझं?"

मास्तरांनी कॅप उचलून खिशात टाकली.

चौकशी व्हायची ती झाली. दोघांचीही झाली, कागदावर झाली, आणि नवीची नोकरी पक्की होण्याचा कागद सहा महिने पुढे गेला. उड्डाण तीन आठवड्यांवर गेलं, पण पट्ट्याला काही झालं नव्हतं, म्हणून टोपण आठवड्याभरातच परत लावायचं ठरलं. महिना संपायला पाच दिवस होते. तपासणीसाठी सोडलेली ती अडचणीची तार मास्तरांइतकी कुणालाच बांधता येत नव्हती. एक माणूस सतत शेजारी उभा राहील या अटीवर साहेबांनी त्यांना आत जाऊ दिलं. आणि दारात कोण बसणार, असं मॅडमनी विचारलं, तेव्हा मास्तरच म्हणाले, "तीच. आता तिच्याइतकं कुणी मोजणार नाही."

टोपण लावायच्या दिवशी सकाळी मास्तर पांढरे कपडे चढवून टेबलापाशी आले. आठवडाभरात दोघांचं हे पहिलं समोरासमोर येणं. कॅप अजून बसवली नव्हती.

"स्क्रू ड्रायव्हर," ते म्हणाले.

"मूठ एक," तिने लिहिलं. "बिट एक."

"चष्मा."

"चौकट एक, काचा दोन, दोरी एक." तिने खाली बघतच लिहिलं. मग पेन थांबलं. मास्तर हात पुढे करून, तळवे वर करून फोटोसाठी उभे होते. तोंड मिटलेलं होतं.

"तोंड उघडा, मास्तर."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले, तिचेही आले, पण या खेपेला तिने मनगटाने डोळे पुसले आणि टेबलावरचा दिवा उचलला. मास्तरांनी आ केला. ती वाकून पेनाच्या मागच्या टोकाने एकेक दात दाखवत मोजू लागली, वरचे, मग खालचे, आणि खात्री नव्हती म्हणून परत एकदा वरचे.

'दात – २६,' तिने नोंदवहीत लिहिलं. 'खुंट – १.' आणि पुढे सही केली.